आतला व्रण

बाळंतपणाचा विषय कॉलेजच्या वार्षिक अंकात कशाला, असे काही वाचकांना वाटेल. आपल्या अंकात निसर्गवर्णने येतात, थोरांची चरित्रे येतात, हुंड्यावरचे लेख तर दरवर्षी येतात. पण गर्भाशय हा शब्द छापलेला मी तरी पाहिला नाही. ग्रंथालयात बसून मागचे बारा अंक चाळले, म्हणून हे लिहिण्याचे धाडस करते. आमच्या घरी मात्र या अवयवाचा उल्लेख झाल्यावाचून वर्ष जात नाही. तिथे त्याला गर्भाशय म्हणत नाहीत, पिशवी म्हणतात. पिशवी खाली आली, पिशवीला सूज आली, पिशवी धुतली, पिशवी काढली. या लेखात मीही बहुतेक ठिकाणी पिशवीच म्हणणार आहे. कारण ज्या बायांविषयी लिहिते आहे त्यांचा तोच शब्द आहे.

पिशवीवर एकदा शस्त्र चालले की त्याची खूण आत राहते. बाई त्या दुखण्यातून बरी होते, शेतात जाते, डोक्यावर मोळी घेते, सारे विसरून जाते. पण पुन्हा दिवस गेले की ती खूण पुन्हा महत्त्वाची होते. ती कुठे आहे, कशी आहे, कधीची आहे हे नव्या डॉक्टरांना माहीत असेल, तर पुढची बहुतेक संकटे आधी हेरता येतात. माहीत नसेल तर पुष्कळदा पहिली बातमी रक्तस्रावच देतो.

शस्त्र म्हणजे मुख्यतः सिझेरियन. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील शंभर बाळंतपणांपैकी साडेआठ सिझेरियनने झालेली आढळली. २०१५-१६ मध्ये १७.२, आणि २०१९-२१ मध्ये २१.५. खाजगी दवाखान्यांत हे प्रमाण ४७ च्या वर होते. यातली किती शस्त्रक्रिया गरजेच्या आणि किती बिलाच्या, हा वाद मोठा आहे. तो मी येथे उकरत नाही. गरजेची असो वा नसो, व्रण सारखाच राहतो, आणि असा व्रण घेऊन दुसऱ्यांदा गरोदर राहणाऱ्या बायांची संख्या आता फार मोठी आहे, एवढेच दाखवायचे आहे.

पूर्वी हा प्रश्न फारसा नव्हता, कारण पोट उघडून बाळ काढल्यावर बाई जगत नसे. पिशवीला घातलेला काप शिवायचा नाही, असाच डॉक्टरांचा समज होता. १८७६ साली इटलीतील पोरो यांनी बाळ काढल्यावर पिशवीही काढून टाकण्याची पद्धत आणली. बाई वाचली, पण पुढचे मूल संपले. १८८२ साली जर्मनीतील झेंगर यांनी पिशवी नीट टाके घालून शिवण्याचा आग्रह धरला. तेव्हापासून आई वाचू लागली, तिची पिशवी वाचू लागली, आणि शिवलेल्या पिशवीत दुसरे मूल वाढू लागले.

आता तो काप कसा असतो ते पाहू. पिशवी म्हणजे जाड स्नायूंची भिंत. तिचा वरचा भाग जोरकस. कळा येतात तेव्हा आवळतो तो हाच. खालचा भाग दिवस भरत येतात तसा ताणून पातळ होतो आणि कळांच्या वेळी तुलनेने स्वस्थ राहतो. पूर्वी वरच्या भागात उभा काप घेत. तो भरून येई, पण पुढच्या खेपेस कळा सुरू झाल्या की सगळा जोर त्या शिवणीवर पडे. १९२० च्या दशकात ग्लासगोच्या मन्रो कर यांनी खालच्या पातळ भागात आडवा काप घेण्याचा पुरस्कार केला, आणि आज बहुतेक सिझेरियन तशीच होते. हा काप पुढच्या बाळंतपणात पुष्कळ जास्त टिकतो. उभ्या कापाच्या बाईला कळा सुरू झाल्या, तर पिशवी फाटण्याचा धोका शंभरात ४ ते ९ इतका सांगितला जातो. आडव्या कापाच्या बाबतीत तो शंभरात एकाहूनही कमी आहे.

एक गोष्ट मला वाचनातून नव्हे, प्रत्यक्षात कळली. पोटाच्या कातडीवरचा व्रण पाहून आतल्या पिशवीवरचा काप ओळखता येत नाही. वर आडवी रेघ आणि आत उभा काप असू शकतो. वर उभी रेघ आणि आत आडवा काप असू शकतो. आत काय केले ते ज्याने केले त्याला ठाऊक, आणि ते फक्त कागदावर राहते.

आमच्या वहिनीचा कागद हरवला होता. आमचे घर ऊसतोडीचे. दिवाळी झाली की टोळी निघते, पट्टा पडल्यावर उन्हाळ्यात परत. वहिनीचे पहिले बाळंतपण कारखान्याच्या गावाजवळच्या एका दवाखान्यात सिझेरियनने झाले. दवाखान्यातून मिळालेला कागद कोपीत पत्र्याच्या पेटीत ठेवला होता. परतीच्या प्रवासात ती पेटी भिजली. वर्षभराच्या आत तिला पुन्हा दिवस गेले. सातव्या महिन्यात मी तिच्याबरोबर तालुक्याच्या दवाखान्यात गेले. तिथल्या मॅडमनी तीन प्रश्न विचारले: आत काप कसा होता? सिझर कशासाठी केले? त्याला किती महिने झाले? तिसऱ्याचे उत्तर आम्हाला आले. पहिल्या दोहोंवर वहिनी म्हणाली, "अडले होते म्हणून केले म्हणाले. काप कसला ते कुणी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही."

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी सांगितले की कागद परत मिळू शकतो. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल झालेल्या रुग्णाची कागदपत्रे डॉक्टरांनी तीन वर्षे जपून ठेवायची असतात आणि रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागितल्यास ७२ तासांत द्यायची असतात. मी त्याच दिवशी अर्ज लिहिला. बारावीला अर्जलेखनाला गुण होते, तेवढ्या शिदोरीवर. वहिनीने अंगठ्याऐवजी सही केली, दादा तो घेऊन एस.टी.ने गेला आणि तिसऱ्या दिवशी झेरॉक्स घेऊन आला. इंग्रजीतल्या त्या पानावर मोठ्या अक्षरांत चार अक्षरे होती: एल. एस. सी. एस. म्हणजे खालच्या भागातले सिझेरियन. घरात ती अक्षरे वाचणारी मी एकटीच. मलाही त्यांचा अर्थ मॅडमनी सांगितला तेव्हाच कळला. पण त्या चार अक्षरांनी त्यांच्या कपाळावरची आठी गेली, हे मी पाहिले. पुढे अंतर कमी असल्यामुळे त्यांनी वहिनीचे दुसरेही सिझेरियनच केले, ठरवलेल्या दिवशी, दिवसाउजेडी. मुलगी झाली, छान आहे.

अंतर कमी म्हणजे काय? एका बाळंतपणापासून दुसऱ्या बाळंतपणापर्यंत दीड वर्षसुद्धा गेले नसेल, तर कळा आल्यास शिवण उसवण्याचा धोका वाढतो, असे अनेक पाहण्यांत दिसले आहे. जागतिक आरोग्य संघटना तर बाळंतपणानंतर पुन्हा दिवस जाण्यापूर्वी निदान २४ महिने जाऊ द्यावेत असे सांगते. आमच्याकडे हे अंतर ठरवणारी बाई नसते, हे वाचकांना सांगायला नकोच.

याचा अर्थ एकदा सिझेरियन झाले की दर वेळी सिझेरियनच, असा नाही. हे वचन न्यूयॉर्कच्या एडविन क्रॅगिन यांच्या १९१६ च्या निबंधातून जगभर पसरले. तेव्हा काप उभा असे, हे विसरू नये. शिवाय क्रॅगिन यांचा रोख पहिले सिझेरियन उठसूट करू नका, असा होता. लोकांनी तेवढे अर्धे वाक्य उचलले. आज एक आडवा काप असलेल्या आणि दुसरी अडचण नसलेल्या बाईने प्रयत्न केला, तर शंभरात ६० ते ८० जणींचे बाळंतपण नैसर्गिक होते. अट एकच, पण मोठी आहे. शिवण उसवलीच तर तत्काळ शस्त्रक्रिया करता येईल अशा ठिकाणी ती बाई असली पाहिजे. कळा चालू असताना दोन कळांच्या मध्येही दुखत राहणे, अंगावरून रक्त जाणे, चांगल्या चाललेल्या कळा अचानक थांबणे, बाळाचे ठोके मंदावणे, ही उसवण्याची चिन्हे. घरी किंवा वाटेत ती ओळखूनही काही करता येत नाही.

येथे आमच्या भागातल्या एका सवयीविषयी लिहिलेच पाहिजे. कळा मंद असल्या की कुणाला तरी बोलावून 'कळांचे इंजेक्शन' द्यायचे. पिशवीवर व्रण असलेल्या बाईला घरी असे इंजेक्शन देणे म्हणजे जुन्या शिवणीवर बैल जुंपणे. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातील २० हजारांवर स्त्रियांची पाहणी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. या सर्वांचे पहिले बाळंतपण सिझेरियनने झालेले होते. दुसऱ्या खेपेस कळा आपोआप आल्या त्यांच्यात पिशवी फाटण्याचे प्रमाण हजारी सुमारे ५ होते; प्रोस्टाग्लँडिन जातीच्या औषधांनी कळा आणल्या त्यांच्यात ते हजारी २४ वर गेले. हे मोठ्या इस्पितळांतले आकडे. कोपीतल्या इंजेक्शनाचा आकडा कुणी मोजत नाही.

आता वारेकडे वळू. वार म्हणजे बाळाला नाळेतून पोसणारा मांसल भाग. गाई-म्हशींत आपण त्याला जार म्हणतो. वार पिशवीच्या आतल्या अस्तरात मुळे धरते, आणि बाळ झाल्यावर त्या अस्तरावरून अलगद सुटून येते. जिथे व्रण आहे तिथे हे अस्तर नीट वाढलेले नसते. वार नेमकी तिथे रुजली तर तिची मुळे अस्तरात न थांबता स्नायूत शिरतात. कधी भिंत ओलांडून लघवीच्या पिशवीपर्यंत जातात. पडक्या भिंतीच्या भेगेत पिंपळ रुजतो, तसे. गरोदरपणी बाईला काही जाणवत नाही, बाळही चांगले वाढते. खरा प्रसंग बाळ बाहेर आल्यावर येतो. वार सुटत नाही. ओढली तर अर्धवट सुटते, आणि उघड्या शिरांतून रक्त वाहू लागते. दिवस भरलेल्या पिशवीकडे दर मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहूनही अधिक रक्त येत असते. अंगात सगळे मिळून पाच-साडेपाच लिटर. हा हिशेब ज्याचा त्याने करावा.

१९३७ साली बोस्टनचे आयर्विंग आणि हर्टिग यांनी रुतलेल्या वारेवर निबंध लिहिला, तेव्हा हा प्रकार दुर्मीळ गणला जाई. सिझेरियन वाढली तसा तो वाढला. अमेरिकेतीलच ३० हजारांवर सिझेरियनची एक पाहणी २००६ मध्ये छापली गेली. तिच्यातील आकडे पाहून मी वही बाजूला ठेवली होती. वार पिशवीच्या तोंडाशी, म्हणजे खाली असेल, तर ती रुतलेली निघण्याचे प्रमाण पहिल्या सिझेरियनच्या वेळी शंभरात ३, दुसऱ्याच्या वेळी ११, तिसऱ्याच्या वेळी ४०, चौथ्याच्या वेळी ६१. वार वरच्या बाजूला असेल तर मात्र चौथ्या खेपेपर्यंतही हे प्रमाण शंभरात एकाच्या आत राहिले. म्हणजे घाबरायचे ते दोन गोष्टी एकत्र आल्या तर: जुना व्रण आणि खाली बसलेली वार.

आमच्या टोळीतल्या एका काकूंना त्या दोन्ही एकत्र आल्या. तिसरी खेप, आधीची दोन्ही सिझरची. सातव्या महिन्यापासून मधूनमधून लाल जात होते. दुखत नव्हते, म्हणून कुणी मनावर घेतले नाही. शेवटी जिल्ह्याच्या ठिकाणी पिशवी काढून त्यांचा जीव वाचवला. रक्ताच्या अकरा बाटल्या लागल्या, टोळीतली तरणी पोरे रांगेत उभी राहिली. काकू आता बऱ्या आहेत. पण न दुखता लाल जाणे ही साधी गोष्ट नाही, हे त्या स्वतः प्रत्येक गरोदर बाईला थांबवून सांगतात. अशा वेळी सुईणीने आत हात घालून तपासणेही घातक असते. बोट वारेलाच लागते.

हे आधी कळते का? बहुतेक वेळा कळते. सोनोग्राफीत वार कुठे आहे ते दिसते, आणि आधीचे सिझेरियन ठाऊक असेल तर डॉक्टर जुन्या कापाच्या जागी मुद्दाम पाहतात. पाचव्या महिन्यात वार खाली दिसली म्हणून हाय खाण्याचे कारण नाही; पिशवी वाढते तशी बहुतेकींची वार वर सरकते. आठव्या महिन्यातही ती खालीच असेल तर मात्र रक्तपेढी असलेल्या मोठ्या इस्पितळात नाव घालायचे. रुतलेली वार आधी कळली तर दिवस भरण्याच्या महिनाभर आधीच, रक्त तयार ठेवून, शस्त्रक्रिया करतात. आपल्याकडे सोनोग्राफी म्हटले की लोकांच्या मनात एकच प्रश्न येतो, आणि त्याचे उत्तर देणे १९९४ च्या कायद्याने गुन्हा ठरवले आहे. विचारायचा प्रश्न 'वार कुठे आहे?' हा आहे. तो विचारलेला मी अजून ऐकलेला नाही.

सिझेरियनखेरीज आणखी काही शस्त्रक्रिया आहेत. पिशवीतली गाठ काढताना भिंतीत खोलवर काप गेला असेल, तर पुढे कळा येऊ न देता सिझेरियन करतात. त्याविषयी इतकेच. पण पिशवी धुण्याविषयी, म्हणजे क्युरेटिंगविषयी, थोडे अधिक लिहिले पाहिजे. कारण ते फार बायांचे होते आणि कुणी त्याला ऑपरेशन समजत नाही. गर्भ पडला आणि काही आत राहिले, किंवा गर्भपात करवून घेतला, तर आतून खरवडून पिशवी साफ करत. एकदा केल्याने बहुतेकींना काही होत नाही, हे आधी सांगते. उगाच भीती घालू नये. पण पुन्हा पुन्हा केले, किंवा बाळंतपणानंतर थोड्या आठवड्यांनी पिशवी मऊ असताना खोल खरवडले, तर अस्तर जाते आणि आतल्या भिंती एकमेकींना चिकटतात. पाळी कमी होते किंवा थांबते, दिवस राहत नाहीत. राहिलेच तर गर्भ पडण्याचा आणि वार रुतण्याचा धोका असतो. इस्रायलमधील जोसेफ ॲशरमन यांनी १९४८ मध्ये याचे वर्णन केले. त्यांच्याच नावाने तो विकार ओळखतात. आता तीक्ष्ण हत्याराने खरवडण्याऐवजी शोषून घेण्याची पद्धत किंवा गोळ्या वापराव्यात, असे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितले आहे. तरी जुन्या सवयी लगेच जात नाहीत.

क्युरेटिंगच्या वेळी पिशवीचे तोंड जोराने रुंदावले, तर कधी ते तोंड पुढे सैल पडते. मग चौथ्या-पाचव्या महिन्यात, कळा फारशा न येताच, गर्भ खाली येतो. एकदा, दोनदा, तीनदा. आमच्याकडे अशा बाईला काय काय म्हणतात ते येथे लिहिणार नाही. तिच्यासाठी जो उपाय जगभर केला जातो तो आपल्या मातीतल्या माणसाने दिला, हे मला हा लेख लिहायला घेईपर्यंत माहीत नव्हते. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांचा जन्म १८९९ साली गोव्यातील शिरोडा येथे झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले आणि तिथेच ते प्राध्यापक झाले. १९५५ मध्ये त्यांनी सैल तोंडाभोवती टाका घालण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्यासाठी ते त्या बाईच्याच मांडीच्या स्नायूवरील चिवट आवरणाची पट्टी काढून वापरत. पुढे पट्टीच्या जागी कृत्रिम धागा आला, आणि १९५७ मध्ये मेलबर्नच्या मॅक्डोनाल्ड यांनी सोपी रीत काढली. पण 'शिरोडकर टाका' हे नाव आजही वैद्यकाच्या पुस्तकांत आहे. साधारण तिसऱ्या महिन्याच्या शेवटी टाका घालतात आणि दिवस भरत आले की काढतात. आमच्या वाडीत 'पिशवीला टाका घातलाय' असे बायका सहज म्हणतात. तो टाका कुणाचा, हे त्यांना कुणी सांगितलेले नाही.

पण हा टाका घालायचा की नाही, हे ठरवण्यासाठी आधी काय काय झाले ते डॉक्टरांना कळावे लागते, आणि क्युरेटिंग ही बायका सर्वांत जास्त लपवतात. सिझेरियन लपत नाही, पोटावर रेघ असते. क्युरेटिंगची बाहेर खूणच नाही. लग्नाआधीचे असेल, माहेरी गुपचूप केलेले असेल, नवऱ्याला ठाऊक आणि सासूला नाही असे असेल. तपासणीला बरोबर सासू असते आणि प्रश्न तिच्यासमोर विचारला जातो: "आधी कधी पिशवी धुतली का?" बाई मान हलवते. नाही. केसपेपरवर जी., पी., एल., ए. अशी चार अक्षरे आणि त्यांच्यापुढे आकडे असतात. किती वेळा दिवस राहिले, किती बाळंतपणे, किती मुले हयात, किती गर्भ पडले वा पाडले. त्यातल्या शेवटच्या अक्षरापुढे पुष्कळदा शून्य पडते.

आमच्या उपकेंद्रातल्या सिस्टर याला एक तोड काढतात. वहिनीबरोबर मी तिथे चार वेळा गेले, चारही वेळा पाहिले. बाई आली की त्या म्हणतात, "वजन करायचंय. बाकीच्यांनी बाहेर थांबा, काटा हलतो." काटा भिंतीला टेकलेला आहे, कुणी शेजारी उभे राहिल्याने तो हलत नाही. दार लोटून घेतात आणि वजन लिहिता लिहिता, मान वर न करता, हळूच विचारतात, "बाई, आधी कधी पिशवी धुतलीय का? मी कुणाला सांगत नाही. डॉक्टरांपुरतं लिहिते."